सव्वीस नंबरच्या पाच रेघा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, दत्ताभाऊला तर बिलकुल न्हाई — दत्ताभाऊ कोण ते पुढं येईल, त्याच्याबिगर हे संपणारच न्हाई. आता तुला सांगून राह्यलो, अन् सांगता सांगता तुझ्यावरबी शक घेऊन राह्यलो. तू हे कुठं बोलशील का? बोलशीलच. तुझ्या जागी मी असतो तर चहा यायच्या आत बोललो असतो.

मला लिहिता येत न्हाई. सही येते तेवढी — बबन. तीन अक्षरं, त्यातली दोन सारखीच, म्हून जमली. हे सगळं मी फोनसमोर बोलून राह्यलो अन् फोन लिहून राह्यला. त्यानं काय लिहिलं ते मला वाचता येत न्हाई. म्हंजे मी खरं बोललो अन् त्यानं भलतंच लिहिलं, तरी मला कळायचं न्हाई. हसू नको. गोष्टच अशी हाये ही. स्क्रीन एक सांगते, अन् खरं काय ते कुणीतरी पायानं चालत जाऊन बघावं लागतं. ते बघायला ठेवलेला माणूस मी व्हतो.

मी केदारखेड्याचा. शाळेत तीन दिवस गेल्तो. दुसऱ्या दिवशी मास्तरची नक्कल केली, तिसऱ्या दिवशी मास्तरच मला घरी आणून सोडून गेले. तवापासून तोंडावरच पोट चाललंय. जालन्याच्या बाहेर मोठं सबस्टेशन हाये, चारशे के.व्ही.चं — तिथं मी ठेकेदाराचा माणूस. गवत काढायचं, शिडी उचलायची, साहेब लोकाला हसवायचं. हसवायचं काम ठेक्यात न्हाई, ते मी फुकट करतो.

तिथं यार्डात मोठाले आयसोलेटर हायेत. आयसोलेटर म्हंजे काय — उंच खांबावरचा स्विच समज, पण बैलगाडीएवढा. त्याला तीन बाह्या. तिन्ही उघडल्या की लाइन तुटली, पुढचं सगळं मेलेलं, माणसानं हात लावावा. तिन्हीतली एक जरी न्हाई उघडली तर — तर मंग माणसाचं काय व्हतं ते मी बघितलंय. थांब जरा. तिथं इतक्या जल्दी जायचं न्हाई मला.

आधी हे स्विच यार्डात जाऊन चालवायचे. मंग नवं सॉफ्टवेअर आलं. कंट्रोल रूममधे बसायचं, माउस दाबायचा, तिकडं बाह्या उघडणार, हिकडं स्क्रीनवर हिरवं दिसणार. पण ते सॉफ्टवेअर बराबर चालतं का न्हाई, हे तपासायला एक टोळी आल्ती. सात-आठ पोरं-पोरी, लॅपटॉपवाले. त्यांची लीड नसरीन मॅडम.

मॅडम आपल्या जालन्याच्याच. घर जुन्या जालन्यात. घरी उर्दू, आमच्याशी मराठी, कॉम्प्युटरशी इंग्रजी. अन् तिन्ही भाषेत एकच काम — शक घेणं. असा शक घेणारा माणूस मी जल्मात बघितला न्हाई. पोरानं म्हणलं, "मॅडम, टेस्ट पास झाली," तर विचारणार, "कोण म्हणतंय?" पोरगं म्हणणार, "सॉफ्टवेअर म्हणतंय." "अन् सॉफ्टवेअर तपासायचंय कुणाला?" "आपल्याला." "मंग त्याचीच साक्ष त्याच्यासाठी कशी काय चालंल?"

चहावाल्यानं साखर कमी घातली म्हणलं तर बाई आधी दुसऱ्याच्या कपातला चमचा मागायची. मी तिची नक्कल लई झकास करायचो. चष्मा नाकावर, मान तिरकी — "कोण म्हणतंय?" तिच्यासमोर केली तरी हसायची. सगळ्यात आधी तीच हसायची.

मला तिनंच निवडलं. म्हणली, "बबनभाऊ, कॉम्प्युटरला डोळे न्हाईत. खालच्या डब्यातली मोटार फिरली का, एवढंच त्याला कळतं. वरची बाही हलली का, ते त्याला कळत न्हाई. ते तुम्ही बघायचं. वॉकीवर मी विचारीन, तुम्ही सांगायचं."

मी म्हणलं, "मॅडम, मी अडाणी माणूस."

"म्हूनच," म्हणली. "शिकलेला माणूस स्क्रीनवर काय पायजे ते बघून सांगतो. तुम्हाला स्क्रीन वाचताच येत न्हाई. तुम्ही जे दिसंल तेच सांगणार."

आता सांग — माझ्या अडाणीपणाला इतकी किंमत आजवर कुणी दिली व्हती?

पहिल्या दिवशी वॉकीवर आवाज आला, "अकरा नंबर उघडला?" मी वर बघितलं. काहीच हललं न्हाई. म्हणलं, "न्हाई मॅडम, जसाच्या तसा." थोड्या वेळानं परत, "आता?" "न्हाई." परत, "बघा बराबर, स्क्रीनवर तर हिरवं हाये." "तुमचं हिरवं तुमच्याजवळ मॅडम, हितं काईबी हललं न्हाई." मंग वॉकीवर तिचं हसू आलं. तिनं बटनच दाबलं नव्हतं. तिन्ही वेळेला. मला तपासून राह्यली व्हती बाई.

त्यानंतर तिनं माझ्यावर असा सापळा कधी लावला न्हाई. टोळीतल्या एकेका पोरावर शक, तारांवर शक, सॉफ्टवेअर पाठवणाऱ्यांवर शक, घड्याळावर शक. माझ्यावरचा तेवढा काढून टाकला. कागदावर माझ्यासाठी वेगळा रकाना पाडला — "डोळ्याने पाहिले" — अन् त्याच्यात माझी सही. बबन, बबन, बबन.

अन् एक पिवळा खडू दिला. पाटीवरचा न्हाई, लोखंडावर खुणा करायचा मेणाचा खडू, उन्हापावसाला न जाणारा. दर आयसोलेटर पाच वेळा उघडबंद करायचा. दर वेळेला मी खांबाजवळ जायचं, तिन्ही बाह्या बघायच्या, खांबाच्या बुडाला एक रेघ मारायची, मंग वॉकीवर बोलायचं. दुपारी मॅडम छत्री घेऊन रेघा मोजत फिरायची. मोजल्यावर कागदावरच्या सह्यांशी मिळवायची. लिहिता न येणाऱ्या माणसाची ती वही व्हती.

आता सव्वीस नंबर.

सव्वीस नंबर पार कुंपणाजवळ. त्या दिवशी यार्डाच्या अलीकडच्या टोकाला रंगारी व्हते, चौघं. परमुलखाचे, टॉवर रंगवायला आल्ते, दुसऱ्या दिवशी जाणार व्हते. मी सव्वीसकडं निघालो व्हतो. निघालो व्हतो, हे खरं हाये. पण वाटेत ते जेवायला बसले व्हते, अन् एकानं विचारलं, "वो छत्रीवाली मॅडम कौन है?" बस. मला बघणारी चार तोंडं मिळाली, मी थांबलो. नक्कल सुरू केली. डोक्यावर डब्याचं झाकण छत्रीवानी धरलं. ते हसून हसून आडवे व्हायला लागले.

तेवढ्यात वॉकी वाजला. "सव्वीस उघडला, बबनभाऊ?"

मी त्या चौघाकडं बघून डोळा मारला. डोळ्यावर हात आडवा धरला, जसं काय लांबचं बघून राह्यलो. अन् म्हणलं, "तिन्ही उघडल्या मॅडम. चकाचक."

ते असे हसले, असे हसले — अजून कानात हाये.

एक घडीभर मनात आल्तं, बरं का, की हा सापळा असला तर? बाईनं बटन दाबलंच नसंल तर? वॉकीकडं बघत बसलो. वॉकीवर ती म्हणली, "शाबास. बंद करते." झालं. सापळा नव्हता. पाच वेळा तिनं विचारलं, पाच वेळा मी तिथूनच सांगितलं, पाचही वेळा वेगळी नक्कल करून. रेघा? त्या मी मंग जाता जाता मारल्या. एका दमात, पाच. कंगव्याच्या दातावानी सारख्या.

आता तू म्हणशील, त्या दिवशी तिन्ही बाह्या उघडल्या व्हत्या का न्हाई? मला माहीत न्हाई. आजबी माहीत न्हाई. उघडल्याबी असतील. पुढं कवातरी एखादी बाही फिरवणारा पट्टा ढिला झाला असंल. कितीदा मी सवताला असं सांगितलंय — पण मला माहीत न्हाई, कारण मी बघितलं न्हाई. बघायचं एवढंच तर काम व्हतं माझं.

दोन महिन्यांनी दत्ताभाऊ.

दत्ताभाऊ वायरमन, अंकुशनगरचा. माझ्या डब्यात भाजी तिखट असली की सवताचा डबा पुढं सारणारा माणूस. त्या दिवशी सव्वीसच्या पुढची लाइन साफ करायची व्हती. कंट्रोल रूममधून सव्वीस उघडला. स्क्रीनवर हिरवं. काम सुरू करायचं परमिट दिलं. दत्ताभाऊनं आर्थिंगचा दांडा वर केला — लाइनीत राह्यलेला करंट जमिनीत जावा म्हून आधी तो लावतात — अन् लाइन मेलेली नव्हतीच. मोटार फिरली व्हती, दोन बाह्या उघडल्या व्हत्या, मधली जागची हलली नव्हती. त्यानं खालून बघितलं व्हतं, पण सूर्य बराबर डोळ्यावर व्हता.

तो आवाज मला सांगता येत न्हाई. मला सगळ्यांचे आवाज काढता येतात. तो न्हाई.

दांडा लांब व्हता म्हून जीव वाचला. उजवा हात अन् गाल भाजला. आता त्या हाताची बोटं मिटत न्हाईत. ताट डाव्या हातानं उचलतो.

मंग सगळं सबस्टेशन एकमेकाकडं तिरकं बघायला लागलं. कंट्रोल रूमवाले म्हणायचे, सॉफ्टवेअर खोटं बोललं. सॉफ्टवेअरवाले म्हणायचे, वायरिंग खोटं. चहाच्या टपरीवर दोघं बोलत असले अन् तिसरा आला की बोलणं पाण्यावर, पावसावर. कोण कुणाला फोन करतो, कोण कुणाच्या गाडीवर गेला — सगळं सगळे बघून राह्यले व्हते. मी तर माझ्या सावलीकडंबी बघायचो, ही कुठं बोलंल का. ते चार रंगारी कुठल्या मुलखात असतील, कुणाला हसत हसत सांगत असतील, हेच डोक्यात.

अन् नसरीन मॅडम? ती परत आली. न बोलावता आली. लॅपटॉप लावून बसली अन् सॉफ्टवेअर उलटंपालटं करून राह्यली — दिवसामागून दिवस. कुठं चुकलं, कुठं चुकलं. जेवायची न्हाई. एकेक तार, एकेक शब्द. सगळ्यावर शक घेऊन बघितला तिनं. माझ्याजवळ येऊन बसायची अन् म्हणायची, "बबनभाऊ, तुम्ही तर डोळ्यानं बघितलं व्हतं. म्हंजे तवा चांगला व्हता. मंग नंतर काय झालं असंल?"

माझ्या खांबावरच्या रेघा धरून ती पुढं जाऊन राह्यली व्हती. मी म्हणायचो, "काय की मॅडम." अन् एखादा जोक मारायचो.

हितपर्यंत सांगणं सोपं व्हतं. आळस केला, फुशारकी केली, भ्यालो — असं बरेच करतात. पण मी ज्याच्यासाठी हा फोन हातात घेतला ते हे न्हाई. ते पुढं हाये. बघ, अजून मी घुटमळूनच राह्यलो.

चौकशी बसली. मोठ्या हापिसातून तिघं साहेब आले. ज्या सकाळी माझा नंबर व्हता, त्या सकाळी मी लवकर गेलो अन् रंगाऱ्यांनी टाकून दिलेल्या थिनरच्या डब्यात बोळा बुडवून सव्वीसच्या त्या पाच रेघा पुसल्या. फोटो काढतील, सारख्या रेघा बघतील, अशी भीती. घासून घासून पुसल्या.

आत गेलो. साहेबानं कागद पुढं सरकवला. "ही सही तुमची?" "व्हय." "तुम्ही सवता जाऊन बघितलं व्हतं?"

अन् मी म्हणलं — ऐक आता — मी म्हणलं, "साहेब, मी अडाणी माणूस. मॅडम म्हणल्या, लई वेळ झालाय, जल्दी करा, मी विचारीन त्याला हो म्हणत जा. मी हो म्हणत गेलो."

कुणी मला तसं म्हणायला लावलं न्हाई. साहेबानं धमकावलं न्हाई. मला तर त्यांनी पाणी दिलं व्हतं.

एका साहेबानं कागदावर मॅडमचं नाव वाचलं, पूर्ण नाव, आडनावासकट. मंग दुसऱ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी नकला करणारा माणूस, मला नजरा बराबर कळतात. ती नजर काय म्हणती ते मला कळलं. माझं खोटं तिथं बराबर बसणार, हेबी कळलं. अन् मी काय केलं? मी मॅडमची नक्कल केली. तिथं, त्या तिघासमोर. "जल्दी करो बबनभाऊ, हो बोलो." तिनं असं कधी म्हणलं नव्हतं. पण आवाज हुबेहूब काढला. साहेब लोक हसले. मी बरा अडाणी ठरून बाहेर आलो.

तिला काढलं. टोळीचं काम काढून घेतलं, कागदावर काय लिहिलं ते मला माहीत न्हाई, पण पोरं म्हणायची की असं लिहिल्यावर कुठंबी लीड म्हून उभं करत न्हाईत. तिच्यासमोर माझी जबानी वाचली म्हणे. तिनं फक्त विचारलं, "कोण म्हणतंय?" — अन् त्यांनी माझं नाव सांगितलं.

शेवटच्या दिवशी सामान न्यायला आली. यार्डात गेली, एकटी. छत्री नव्हती. मी लांबून मागं मागं. अकरा नंबरचा खांब, रेघा. बारा नंबर, रेघा. सगळ्या खांबाला धूळ, धुळीखाली पिवळ्या रेघा. अन् सव्वीस नंबरचं बूड नव्या भांड्यावानी चमकून राह्यलेलं. थिनरनं रंगबी उडाला व्हता थोडा. मला शहाण्याला हे सुचलंच न्हाई — की पुसलेलीबी खूणच असते.

तिनं त्याच्यावरून हात फिरवला. हात उलटा करून बघितला. मंग मान वळवून माझ्याकडं.

मला काहीतरी बोलायचंच व्हतं. तोंड गप राहतंय का हे? म्हणलं, "सव्वीस नंबरचं लगीन ठरलंय मॅडम. म्हून न्हाऊ घातलं."

असल्या जोकवर ती सगळ्यात आधी हसायची.

म्हणली, "बाकीच्यांचं न्हाई ठरलं, बबनभाऊ?"

अन् गेली. कुणाला काई बोलली न्हाई. बोलून तरी — तिच्यावर सगळ्यांचा शक, माझ्यावर सगळ्यांची दया.

दत्ताभाऊकडं मी अजून जातो. अंकुशनगरला, महिन्यातून एखादा ऐतवार. वैनी जेवू घालतात. तो डाव्या हातानं भाकर मोडतो अन् म्हणतो, "त्या बाईनं माझा हात खाल्ला, बबन." मी म्हणतो, "व्हय दत्ताभाऊ." दर वेळेला म्हणतो. गेल्या ऐतवारी बी म्हणलं. मंग एखादी नक्कल करतो, तो हसतो, गालाची भाजलेली बाजू हसत न्हाई.

मधे एकदा शहागडला गेल्तो. हायवेवर उभा व्हतो, गाडीची वाट बघत. बाजूला पाच-सहा माणसं. अन् ती आली. हातात पिशवी, चष्मा तोच. तिनं मला बघितलं. बराबर बघितलं, वळखलं.

एक लाल गाडी येऊन थांबली, बीडची. कंडक्टर दारातून ओरडलाबी, "बीड, बीड." ती माझ्या डाव्या बाजूच्या म्हाताऱ्याजवळ गेली, "चाचा, ये गाडी बीडकूच जाती ना?" तो म्हणला, "हां बेटा." तिला काय तेवढ्यानं पटतंय? उजव्या बाजूच्या माणसाला मराठीत विचारलं, "भाऊ, ही बीडलाच जाती का?" तो म्हणला, "व्हय." मंग रस्त्यात उतरून गाडीच्या पुढं गेली अन् सवता पाटी वाचली.

मला न्हाई विचारलं. मी दोघांच्या मधेच उभा व्हतो. गाडी बीडचीच व्हती.